सेकंडहँड आरसी ट्रान्समीटर घेतलाय? विमानाला जोडण्याआधी या क्रमाने तपासा

सेकंडहँड आरसी रेडिओ, म्हणजे मॉडेल विमान उडवायचा हातातला ट्रान्समीटर, घेण्यात काहीच चूक नाही. चांगल्या कंपनीचा जुना ट्रान्समीटर नीट वापरलेला असेल तर त्याच्या स्टिक्सचा हाताला जो फील येतो तो बऱ्याच स्वस्तातल्या नव्या सेट्सना येत नाही. पण विकणारा म्हणतो "एकदम चालू कंडिशन", आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की स्विच ऑन केला की लाइट लागतो. लाइट लागला म्हणून सेट उडवण्यालायक होत नाही. रेडिओ हवेत दगा देतो तेव्हा विमान तर जातंच, पण खाली माणसं उभी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांचा गोंधळ कुठे होतो ते आधी सांगतो. सर्व्हो (विमानाचे भाग हलवणारी छोटी मोटर) हलत नाही म्हटलं की लगेच बॅटरी बदलायची, रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) परत बाइंड करायचा, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडायचा, मेनूत शिरून चार सेटिंग फिरवायची, आणि हे सगळं एकाच बैठकीत. मग सेट चालला तरी नेमका कशाने चालला ते कळत नाही, आणि नाही चालला तर आता बिघाड मूळचा आहे की आपण केलेला हेही कळत नाही. त्यामुळे क्रम ठरवून घ्या: आधी बॅटरी, मग मेमरी, मग स्टिक्स, मग हवेतला सिग्नल, सगळ्यात शेवटी रेंज. एक पायरी पास झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

काय काय जवळ हवं

- तुमच्या मॉडेल नंबरचं मॅन्युअल. छापील नसलं तर पीडीएफ उतरवून घ्या. त्याच सिरीजचं दुसरं मॉडेल चालत नाही, मेनू वेगळे असतात
- साधा मल्टीमीटर
- चालतोय याची खात्री असलेला एक सर्व्हो, दोन असतील तर उत्तम
- रिसीव्हर आणि त्याला ४.८ व्होल्टचा चार सेलचा पॅक
- छोटे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं व्हिनेगर, प्लास्टिकला चालणारा काँटॅक्ट क्लीनर
- सिम्युलेटरची केबल, मिळाली तर फार बरं, का ते पुढे येतंच
- फोनचा कॅमेरा. काहीही उघडण्याआधी फोटो काढायची सवय लावून घ्या

विकणाऱ्याकडून जमेल तेवढं सगळं मागून घ्या. मूळ रिसीव्हर, मूळ चार्जर, ट्रेनर केबल (शिकणाऱ्याचा दुसरा ट्रान्समीटर जोडायची वायर), जुना सेट असेल तर क्रिस्टलच्या जोड्या (फ्रिक्वेन्सीचा चॅनल ठरवणारे छोटे सुटे भाग). त्याला हे निरुपयोगी वाटत असतं आणि तो सहज देऊन टाकतो, नंतर मात्र यातली एकेक वस्तू शोधताना नाकी नऊ येतात.

अजून एक, रेंज टेस्टच्या आधीची सगळी तपासणी टेबलावर सुट्या रिसीव्हर आणि सर्व्होवर करायची आहे. विमान वापरायचंच असेल तर आधी प्रॉपेलर काढा. "थ्रॉटल खालीच आहे की" हे कारण चालणार नाही, कारण या सेटमध्ये थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोल) उलटं सेट केलेलं असेल तर तुमच्या हातातलं "खाली" म्हणजे मोटरसाठी फुल असतं.

१. चालू करण्याआधी सेट ओळखा

मागच्या लेबलवर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. लांब टेलिस्कोपिक अँटेना असेल तर सेट बहुधा २७, ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झचा आहे, आणि बोटभर लांबीची जाडसर अँटेना असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा. अपवाद असतात, कारण काही सेट्सच्या पाठीतलं सिग्नल पाठवणारं मॉड्यूल बदलता येतं आणि आधीच्या मालकाने ते बदललेलं असू शकतं, तेव्हा मॉड्यूल असेल तर त्याच्यावरचं लेबलही वाचा.

७२ मेगाहर्ट्झ हा उत्तर अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी ठेवलेला बँड, युरोपात बऱ्याच ठिकाणी त्यासाठी ३५ वापरतात. ७५ लिहिलेला सेट दिसला तर तो अमेरिकेत जमिनीवरच्या गाड्या आणि बोटींसाठीचा आहे, विमानाला वापरायचा नाही. तुमच्या देशात कुठला बँड विमानाला चालतो हे सेट ऑन करण्याआधीच बघून घ्या. अमेरिकेत १९९१ पासून ७२ वर २० किलोहर्ट्झच्या अंतराने चॅनल वापरात आले, त्याआधीच्या जुन्या सेट्सचा सिग्नल जास्त रुंद पसरतो आणि शेजारच्या चॅनलवाल्याला त्रास देतो, ते उडवायला घेऊच नका.

आणि हे नीट वाचा. क्रिस्टलवाले, म्हणजे मेगाहर्ट्झवाले जुने सेट एकमेकांना ओळखत नाहीत. तुमच्याच चॅनलवर जवळपास कुणी उडवत असेल आणि तुम्ही "फक्त चेक करायला" स्विच ऑन केला तर त्याचं विमान पडेल. म्हणून फ्लाइंग फील्डवर गेल्यावर चॅनल मोकळा आहे का ते विचारल्याशिवाय, तिथे फ्रिक्वेन्सी बोर्ड (कुठला चॅनल कोण वापरतंय ते दाखवणारा फळा) असेल तर त्यावरची पिन घेतल्याशिवाय, सेट ऑन करायचा नाही. २.४ मध्ये ही भानगड नाही, तिथे रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकतो.

२. बॅटरी, आणि निगेटिव्हची काळी वायर

जुन्या ट्रान्समीटरच्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात त्यामुळे इथे वेळ द्या.

मागचं झाकण उघडून पॅक बाहेर काढा. सेलच्या टोकांना किंवा स्प्रिंगांना पांढरी-हिरवट पावडर दिसली तर सेल गळलेत. पॅक फेकायचा, म्हणजे बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्यायचा, आणि स्प्रिंगा कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायच्या. गळलेला पदार्थ अल्कलाइन असतो, व्हिनेगर लागलं की थोडा फेस येतो आणि तो सुटतो. मग आयसोप्रोपिलने पुसून पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर तसंच राहिलं तर ते पुन्हा धातू खायला लागेल.

आता ती काळी वायर. निकेल-कॅडमियम पॅक वर्षानुवर्षं रिकामा पडून राहिला की निगेटिव्हची वायर आतून गंजत जाते, आणि वरचं इन्सुलेशन मात्र अगदी नव्यासारखं दिसतं. कनेक्टरपाशी थोडी वायर सोलून बघा. तांबं लालसर चकचकीत असेल तर ठीक आहे, पण तारा काळपट किंवा हिरवट असतील, नखाने खरवडल्या तरी चमकत नसतील, आणि सोल्डर लावायला गेलं की त्याचा गोळा होऊन घसरत असेल तर ती वायर मेली. हिचा खरा त्रास असा की मल्टीमीटर लावला तर व्होल्टेज बरोबर दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, आणि सेट ऑन केला की मात्र व्होल्टेज खाली येतो. कधी कधी हा गंज पॅकपुरता न राहता कनेक्टरमधून पुढे स्विचच्या वायरपर्यंत गेलेला असतो. तुकडा कापून जोड देऊ नका, खराब झालेली अख्खी वायर कनेक्टरसकट बदला.

बरेच जुने सेट ८ सेलच्या ९.६ व्होल्टच्या पॅकवर चालतात. असा पॅक चार्जरवरून नुकता काढला की साधारण ११ व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेट ऑन करा, अँटेना पूर्ण ओढलेली ठेवा आणि अर्धा तास चालू राहू द्या, मधून मधून स्क्रीनवरचा व्होल्टेज लिहून घ्या. हळूहळू उतरत असेल तर पॅक बरा आहे. दहा-पंधरा मिनिटांतच ९ च्या जवळ आला तर त्यातला एखादा सेल गेलाय. एक सेल बदलून पॅक वाचवायचा मोह होतो, करू नका, पूर्ण नवा निकेल-मेटल हायड्राइड पॅक घाला.

३. चार्जिंगचे सापळे

मूळ चार्जर मिळाला तर तो पॅकच्या क्षमतेच्या साधारण एक दशांश करंटने चार्ज करतो, म्हणजे ६०० मिलीअँप-अवरच्या पॅकला ५० ते ६० मिलीअँप, आणि पूर्ण व्हायला १४ ते १६ तास लागतात. तुम्ही नवा २००० चा पॅक टाकलात आणि जुनाच चार्जर रात्रभर लावलात तर सकाळी पॅक अर्धासुद्धा भरलेला नसतो, आणि मग लोक म्हणतात नवीन पॅक पण खराब निघाला.

चार्जिंग जॅकची पोलॅरिटी सगळ्या कंपन्यांची सारखी नाही, काहींचा मधला पिन पॉझिटिव्ह तर काहींचा निगेटिव्ह. दुसऱ्या कंपनीचा चार्जर जॅकमध्ये आरामात बसतो आणि आतलं सर्किट उडवतो. मॅन्युअल बघा, चार्जरच्या पिनवर मीटर लावा, मगच जोडा. शिवाय बऱ्याच सेट्समध्ये जॅकच्या मागे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यामुळे फास्ट चार्जरला पॅक भरलाय हे नीट समजत नाही. फास्ट चार्ज करायचा असेल तर पॅक बाहेर काढून करा.

आणि आधीच्या मालकाने आत लिथियम पॅक बसवलाय का ते आवर्जून बघा. निकेलसाठीचा जुना चार्जर लिथियम पॅकला लावला तर आग लागू शकते, यात जराही रिस्क घ्यायची नाही. तीन सेलचा लायपो (लिथियम-पॉलिमर पॅक) फुल चार्जला १२.६ व्होल्ट असतो, तुमच्या सेटला तेवढे चालतात का ते मॅन्युअलमध्ये असेल, आणि त्यात नसेल तर नाही चालत असंच धरा.

४. ऑन केल्यावर: स्क्रीन आणि मेमरी

आता ऑन करा. काहीच झालं नाही तर क्रमाने बॅटरी कनेक्टर, फ्यूज असेल तर फ्यूज, मग पॉवर स्विच. स्विच बरेच दिवस न वापरल्याने आतून काळा पडतो, सेट बंद ठेवून वीस-तीस वेळा पुढे-मागे केला तरी बऱ्याचदा जागा होतो, पण असा जागा झालेला स्विच पुढे बदलाच, हवेत तो परत झोपला तर काय करणार?

दर वेळी ऑन केल्यावर सगळी मॉडेल्स (प्रत्येक विमानासाठी साठवलेली सेटिंग) गायब, किंवा मेमरी बॅकअपचा एरर येतोय असं असेल तर आत एक छोटा बटण सेल असतो तो संपलाय. सगळ्या सेट्समध्ये तो नसतो. असेल तर बहुतेक वेळा टॅबसकट (धातूच्या पट्ट्यांसकट) सोल्डर केलेला असतो, त्यामुळे नवाही टॅबवालाच आणा, सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही.

स्क्रीन आली, मेनू दिसला, आता सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे आधीच्या मालकाची सेटिंग पुसणे. एक नवीन मॉडेल मेमरी घ्या, रिसेट मारा, टाइप "एअरप्लेन" आहे याची खात्री करा. हे न केल्यामुळे जे घडतं ते भूत लागल्यासारखं वाटतं. टाइप हेलिकॉप्टर राहिला असेल तर एक स्टिक हलवली की तीन सर्व्हो हलतात. डेल्टा किंवा व्ही-टेल विमानाचं मिक्सिंग (दोन कंट्रोल एकत्र करून सर्व्होंना देणं) चालू असेल तर एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा कंट्रोल) दिला की दुसराच सर्व्हो वळतो. एंड पॉइंट (सर्व्हो किती फिरेल त्याची मर्यादा) कमी केलेला असेल तर सर्व्हो अर्धाच फिरतो आणि आपण सर्व्होला दोष देतो. ट्रेनर फंक्शन चालू राहिलं असेल तर चुकून त्या स्विचला बोट लागलं की सगळा कंट्रोल तिकडच्या नसलेल्या विद्यार्थ्याकडे जातो आणि तुमच्या स्टिक्स मेल्यासारख्या होतात. थ्रॉटल कट किंवा थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारी सेटिंग) एखाद्या स्विचवर लावलेला असेल तर मोटर सुरूच होत नाही. यातलं एकही बिघाड नाही, सगळं सेटिंग आहे, आणि स्क्रूड्रायव्हर हातात न घेता सुटतं.

ओपन-टीएक्स किंवा एज-टीएक्स (ट्रान्समीटरमधली खुली सॉफ्टवेअर) वाला सेट असेल तर आधी एसडी कार्ड कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. कार्डावरच्या फाइल्स आणि फर्मवेअरची आवृत्ती जुळत नसेल तर ऑन करताना वॉर्निंग येते, घाबरायचं कारण नाही, पण फर्मवेअर अपडेटच्या मागे आज लागू नका. तो आत्ता ज्या आवृत्तीवर आहे त्यावर आधी पूर्ण तपासा.

५. स्टिक्स, ट्रिम आणि स्विच

मेनूत सर्व्हो मॉनिटर किंवा चॅनल मॉनिटर नावाची स्क्रीन असते, प्रत्येक चॅनलची एक पट्टी (इथे चॅनल म्हणजे एक कंट्रोल, फ्रिक्वेन्सी नव्हे). ती उघडा आणि हात स्टिकवरून काढा. पट्ट्या स्थिर पाहिजेत. मग एकच स्टिक, एकाच दिशेत, अगदी केसभर केसभर सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. पट्टी तितकीच सावकाश सरकली पाहिजे. मध्येच उडी मारली, विशेषतः मधोमध, तर तिथला पॉट (स्टिकची जागा मोजणारा भाग) झिजलाय किंवा घाण झालाय. मध्यावरच जास्त का, तर स्टिक सगळ्यात जास्त वेळ तिथेच थरथरत असते. वेगाने फिरवून बघाल तर हा दोष अजिबात दिसणार नाही. हवेत मात्र विमान सरळ जाताना उगाच मान हलवतं.

मागचं कव्हर उघडून पॉटच्या कडेच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, बॅटरी काढलेली असताना, आणि स्टिक चाळीस-पन्नास वेळा पूर्ण फिरवा. वाळू द्या, परत तीच टेस्ट. घाण असेल तर जाते. कार्बनचा ट्रॅकच झिजला असेल तर दोन-चार फ्लाइटनंतर परत येते, मग पॉट किंवा अख्खं गिंबल (स्टिकची पूर्ण यंत्रणा) बदलणं हाच उपाय. हॉल सेन्सरवाल्या (चुंबकाने जागा मोजणाऱ्या) गिंबलमध्ये घासणारा ट्रॅकच नसतो त्यामुळे तिथे क्लीनर मारू नका, तिथे आधी कॅलिब्रेशन करा.

स्टिक सोडली की मध्यावर येते का बघा, आणि पट्टीही बरोबर त्याच जागी परततेय का तेही बघा. दरवेळी थोडी वेगळीकडे थांबत असेल तर स्प्रिंग सैल आहे किंवा पॉट त्याच्या जागी हलतोय.

मोडचं, म्हणजे कुठल्या स्टिकवर काय असतं त्याचं, एक सांगायचं राहिलं. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि रडर (नाक डावीकडे-उजवीकडे वळवणारा कंट्रोल) डावीकडे, एलेव्हेटर आणि एलेरॉन (विमान बाजूला कलवणारा) उजवीकडे. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलेव्हेटर डावीकडे. सेट दुसऱ्या मोडचा निघाला तर स्प्रिंग आणि रॅचेटची पट्टी (थ्रॉटल सोडला तिथेच धरून ठेवणारी) एका गिंबलमधून काढून दुसऱ्यात लावावी लागते आणि वर मेनूतही बदल करावा लागतो, दोन्हीपैकी एकच केलंत तर घोळ होईल. तुम्हाला जो शिकवणार आहे तो ज्या मोडवर उडवतो तोच ठेवा.

मग प्रत्येक स्विच आणि प्रत्येक ट्रिम मॉनिटरवर बघून घ्या, पटापट होतं.

६. ट्रेनर पोर्टची टेस्ट, म्हणजे बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे

ट्रान्समीटरचे दोन भाग समजा. एक भाग स्टिक्स वाचून त्याचे पल्स बनवतो, दुसरा भाग ते पल्स हवेत फेकतो. ट्रेनर पोर्टमधून पहिल्या भागाचं काम थेट बाहेर मिळतं. सिम्युलेटरची केबल लावा, कॉम्प्युटरवर चॅनल हलतायत का बघा. बऱ्याच सेट्समध्ये केबल लावली की सेट आपोआप ऑन होतो आणि हवेतला सिग्नल बंद राहतो, म्हणून काहींत पॉवर स्विच बंदच ठेवायचा असतो, मॅन्युअल बघा.

सिम्युलेटरवर सगळं सुरळीत पण रिसीव्हर मात्र काहीच ऐकत नाही, तर स्टिक्स, बोर्ड, मेनू सगळं ठीक आहे, शोध फक्त आरएफ (सिग्नल हवेत पाठवणारा भाग), अँटेना, क्रिस्टल किंवा बाइंडिंगमध्ये घ्यायचा. सिम्युलेटरवरही उड्या मारतोय तर रिसीव्हर बदलून काही उपयोग नाही, परत पायरी ५. या एका केबलने जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच हत्याराने वाचत नाही.

७. रिसीव्हरशी गाठ

*क्रिस्टलवाला सेट असेल तर:* ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचा चॅनल नंबर एकच पाहिजे, पण क्रिस्टल दोन वेगळे असतात, एकमेकांच्या जागी लावून चालत नाहीत, दिसायला मात्र सारखेच. शिवाय सिंगल कन्व्हर्जन आणि डबल कन्व्हर्जन (आतल्या रचनेचे दोन प्रकार) रिसीव्हरचे क्रिस्टलही वेगळे. सेट कधी पडला असेल तर क्रिस्टल आतून तुटलेला असू शकतो, वरून काही कळत नाही, दुसरी जोडी लावून बघणं हीच टेस्ट.

मग मॉड्युलेशन, म्हणजे सिग्नलमध्ये माहिती भरायची पद्धत. एएम, एफएम आणि पीसीएम एकमेकांशी बोलत नाहीत. एका कंपनीचं पीसीएम दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरला कळत नाही. आणि ७२ वरच्या साध्या एफएममध्येसुद्धा शिफ्टचा (फ्रिक्वेन्सी कुठल्या दिशेने सरकते त्याचा) प्रश्न आहे, फुताबा आणि हायटेक निगेटिव्ह शिफ्ट, जेआर पॉझिटिव्ह. शिफ्ट उलटी असेल तर चॅनल जुळूनही सर्व्हो कमांड पाळत नाहीत, वेडेवाकडे वागतात. काही सेट्सच्या मेनूत शिफ्ट आणि मॉड्युलेशन बदलता येतं, बदलल्यावर सेट एकदा बंद करून चालू करावा लागतो.

टेलिस्कोपिक अँटेना बुडाशी घट्ट बसलीय का, मधले जोड डगमगतायत का बघा, जोड आयसोप्रोपिलने पुसा, तेल लावू नका. बंद करताना टोकाला दाबून ढकलायची नाही, खालच्या भागापासून एकेक आत घ्यायची, नाहीतर वाकते. अँटेना मिटलेली ठेवून सेट फार वेळ ऑन ठेवू नका, आउटपुटच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो. रिसीव्हरची साधारण मीटरभर वायर कुणी कापून छोटी केली असेल तर रेंज मिळणार नाही, आणि ती गुंडाळूनही ठेवायची नाही.

*२.४ चा सेट असेल तर:* इथे प्रोटोकॉल (दोघांची सिग्नलची भाषा) जुळला पाहिजे, नुसतं "दोन्ही २.४ आहेत" याला अर्थ नाही. फुताबाचं एफएएसएसटी आणि एस-एफएचएसएस वेगळं, आणि एफएएसएसटीमध्येही ७ चॅनल मोड आणि मल्टी मोड वेगळे. फ्लायस्कायचं एएफएचडीएस आणि एएफएचडीएस २ए वेगळं. फ्रस्कायमध्ये डी८, डी१६ आणि त्यावर परत युरोपियन आणि आंतरराष्ट्रीय फर्मवेअर, ट्रान्समीटर एका प्रकारचा आणि रिसीव्हर दुसऱ्या प्रकारचा असेल तर डी१६ मध्ये बाइंड होतच नाही. स्पेक्ट्रमचं डीएसएमएक्स २०११ साली आलं, त्याआधीचे बहुतेक सेट डीएसएम२ वर चालतात. एक्सप्रेस-एलआरएस (खुली रेडिओ सिस्टिम) असेल तर दोन्हीकडे फर्मवेअरची मुख्य आवृत्ती तीच पाहिजे, आणि आधीच्या मालकाचा बाइंडिंग फ्रेज (जोडणीचा पासवर्डसारखा शब्द) आत बसलेला असतो तो बदलून घ्या.

बाइंड करताना दोन्ही एकदम चिकटवून ठेवू नका. सिग्नल इतका जोरात येतो की रिसीव्हर गोंधळतो. एक-दोन मीटर लांब ठेवा, तरी नाही झालं तर अजून लांब. आणि काल बाइंड झालेला रिसीव्हर आज ओळखच देत नाही असं झालं तर आधी ट्रान्समीटरवर दुसरं मॉडेल निवडलेलं नाही ना ते बघा, काही सिस्टिम्समध्ये रिसीव्हर त्या एका मॉडेल मेमरीशीच बांधलेला असतो. ही मुद्दाम केलेली सोय आहे, चुकीच्या सेटिंगवर विमान उडू नये म्हणून.

अँटेनाचा सांधा जिथे वळतो तिथे आतली बारीक कोॲक्स वायर पिळून तुटते. वरून प्लास्टिक धडधाकट. सेट ऑन ठेवून अँटेना हळू फिरवताना सिग्नलचा आकडा एकदम पडत-चढत असेल तर हेच झालंय. अँटेना निघालेली असताना मॉड्यूल ऑन करू नका.

८. सर्व्हो हलतोय, पण...

एकच चॅनल चालत नाही: तोच सर्व्हो दुसऱ्या पोर्टला लावा. बिघाड पोर्टबरोबर राहिला तर रिसीव्हर किंवा मेनू, सर्व्होबरोबर गेला तर सर्व्हो.

सगळेच सर्व्हो थरथरतात: ट्रान्समीटर उघडण्याआधी रिसीव्हरची बॅटरी बदला. फार वेळा तीच असते.

स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) बीप-बीप करत राहतो आणि मोटर आर्म होत नाही, म्हणजे फिरायला तयार होत नाही: थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करून बघा, फुताबाच्या सेट्सवर हे हमखास करावं लागतं. प्रॉपेलर काढलाय ना? नंतर थ्रॉटलची एंड पॉइंट कॅलिब्रेशन परत करा.

९. रेंज टेस्ट, ही टाळायची नाही

टेबलावर सगळं छान चालतं कारण दोन हातांवरून अर्धमेला ट्रान्समीटरसुद्धा चालतो. मोकळ्या जागी जा. टेलिस्कोपिक अँटेना असेल तर ती पूर्ण मिटवा, २.४ असेल तर मेनूतला रेंज चेक मोड लावा, त्यात पॉवर मुद्दाम कमी होते. विमान कुणाला तरी धरायला सांगा, आणि साधारण ३० पावलं, म्हणजे २५ ते ३० मीटर, मागे जात स्टिक्स हलवत राहा. नेमकं अंतर तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल ते घ्या. सर्व्हो न थांबता, न थरथरता स्टिक्सबरोबर हलत राहिले पाहिजेत. मग तेच मोटर चालू ठेवून, इथे मात्र प्रॉपेलर असेल तर विमान धरणारा माणूस त्याच्या मागे उभा पाहिजे आणि पकड पक्की पाहिजे. मोटर बंद असताना पास आणि चालू असताना नापास, तर दोष ट्रान्समीटरचा नसून विमानातल्या वायरिंगचा आहे, रिसीव्हर आणि त्याची अँटेना स्पीड कंट्रोलरपासून लांब न्या.

विमानाचं तोंड चारही दिशांना वळवून बघायला सांगा. एका दिशेलाच सिग्नल तुटत असेल तर रिसीव्हरच्या अँटेनाची जागा बदला. आणि उडवताना ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक कधी विमानावर रोखायचं नाही, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की विमानाने काय करायचं ती सेटिंग. विमान धरून ठेवा, थ्रॉटल थोडा वर द्या, ट्रान्समीटर बंद करा. मोटर बंद झाली पाहिजे. नाही झाली तर फेलसेफ सेट केल्याशिवाय उडवू नका. साध्या जुन्या एफएममध्ये फेलसेफ नसतं, तिथे टेस्ट करताना सर्व्हो कुठेही जाऊ शकतात, म्हणून ही टेस्ट तिथे प्रॉपेलर काढूनच. एरवी रोजच्या वापरात मात्र आधी ट्रान्समीटर ऑन, मग विमान, आणि बंद करताना आधी विमान.

१०. कुठे थांबायचं

बॅटरी, वायर, स्विच, पॉट, अँटेना, बटण सेल, एवढं घरी होतं. मेन बोर्डवर गळलेल्या बॅटरीचा गंज पसरून ट्रॅक खाल्ले गेले असतील, आरएफ सेक्शन ट्यून करावा लागत असेल, किंवा सेट कधी पाण्यात पडलाय असं आतल्या गंजावरून दिसत असेल तर तो उडवण्यासाठी दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. आरएफ सेक्शनला हात लावायला मोजमापाची उपकरणं लागतात आणि ट्यूनिंग चुकलं तर तुमचा सेट शेजारच्या चॅनलवर सांडतो. कधी चालतो कधी नाही असा बिघाड, कारण न सापडता आपोआप बरा झालेला, तोही याच यादीत धरा.

असा सेट फेकून द्यायची गरज नाही. क्रिस्टल किंवा मॉड्यूल काढून ठेवा, म्हणजे चुकून कुणी तो हवेत वापरणार नाही, वर "फक्त सिम्युलेटर" अशी चिठ्ठी चिकटवा, आणि ट्रेनर केबल लावून कॉम्प्युटरवर लँडिंगची प्रॅक्टिस करा. पायरी ५ आणि ६ पास असतील तर त्या कामाला तो अनेक वर्षं चालेल.